राष्ट्रपती कसे निवडले जातात? आमदाराच्या मताचे मूल्य स्वतः काढून पाहा

२१ जुलै २०२२ च्या संध्याकाळी टीव्हीच्या पडद्यावर आकडा झळकला: द्रौपदी मुर्मू, ६,७६,८०३. समोर यशवंत सिन्हा, ३,८०,१७७. देशभरातले मत देणारे आमदार आणि खासदार मिळून पाच हजारही नव्हते. मग ही दहा लाखांवर मते आली कुठून?

या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या भागाकाराने मिळते. एकदा तो भागाकार स्वतः केला की राष्ट्रपतिपदाची सारी निवडणूक उलगडते. कोणाच्या पाठिंब्याला किती वजन आहे, मुंबईत एक आमदार फुटला तर किती फरक पडतो, दुसऱ्या पसंतीची मते म्हणजे काय, हे सगळे त्यातून कळते. ‘राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, त्यांच्या निवडणुकीत बघायचे काय’ असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही. केंद्र आणि राज्ये यांच्यात, मोठ्या आणि छोट्या राज्यांत सत्तेचा तोल कसा राखायचा, याचे उत्तर घटनाकारांनी या निवडणुकीच्या गणितात लिहून ठेवले आहे. तेव्हा कागद, पेन आणि हवा तर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

आधी ठरवा: मत कोणाला आहे?

घटनेच्या कलम ५४ प्रमाणे राष्ट्रपतींची निवड निर्वाचकगण करतो. बातम्यांत यालाच निर्वाचक मंडळ किंवा इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. अमेरिकेत या कामासाठी दर वेळी वेगळी माणसे निवडली जातात आणि काम झाले की त्यांची भूमिका संपते. आपल्याकडे आधीच निवडून आलेले खासदार आणि आमदार हाच निर्वाचकगण.

त्यात येतात लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३ निवडून आलेले सदस्य, सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार, आणि ७० व्या घटनादुरुस्तीने जोडलेले दिल्ली व पुद्दुचेरीच्या विधानसभांचे आमदार.

‘निवडून आलेले’ या शब्दांवर बोट ठेवा, कारण सगळी वगळणूक त्यांच्यातच आहे. राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलेल्या १२ सदस्यांना मत नाही. राष्ट्रपतींनीच नेमलेल्या माणसांनी राष्ट्रपती निवडावा हे बरे दिसले नसते. विधान परिषदेच्या सदस्यांनाही मत नाही, कारण कलम ५४ फक्त विधानसभांचे नाव घेते. महाराष्ट्रात विधान परिषद आहे, तिचे ७८ सदस्य आहेत, त्यांतले अनेक वजनदार नेते आहेत. पण या दिवशी ते प्रेक्षक असतात. २०१२ मध्ये पृथ्वीराज चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि विधान परिषदेचे सदस्य होते. म्हणजे २८८ आमदारांच्या राज्याच्या मुख्यमंत्र्यालाच राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत नव्हते.

विधानसभा बरखास्त झालेली असेल तर तिचे आमदार उरतच नाहीत, म्हणून मतही नाही. पण तेवढ्यासाठी निवडणूक अडत नाही. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा बरखास्त होती, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेला. न्यायालयाने सांगितले की मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. निर्वाचकगणातली एखादी जागा रिकामी होती, एवढ्या कारणावरून निवडीला आव्हान देता येत नाही, हे १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने आधीच स्पष्ट केले होते.

उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीशी याची गल्लत होते, म्हणून एवढे लक्षात ठेवा: तिथे फक्त संसदेचे सदस्य मत देतात, नेमलेलेही देतात, आणि प्रत्येक मताचे मूल्य एकच असते.

आता भागाकार: आमदाराचे मत किती मोलाचे?

सूत्र असे. राज्याची लोकसंख्या घ्या, तिला विधानसभेतल्या निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागा, आणि आलेल्या उत्तराला १,००० ने भागा. उरलेली बाकी ५०० किंवा त्याहून जास्त असेल तर एक मिळवा, कमी असेल तर सोडून द्या. लोकसंख्या मात्र आजची घ्यायची नाही. १९७१ च्या जनगणनेची घ्यायची. त्याचे कारण पुढे सांगतो, आधी हिशेब करू.

महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागल्यावर एका आमदारामागे १,७५,०४२ माणसे येतात. हजाराने भागले की १७५ आणि बाकी ४२. बाकी ५०० च्या आत आहे, म्हणून मूल्य १७५. सर्व २८८ आमदारांचे मिळून ५०,४००.

आता गोवा. लोकसंख्या ७,९५,१२०, आमदार ४०. एका आमदारामागे १९,८७८. हजाराने भागल्यावर १९ आणि बाकी ८७८. बाकी ५०० च्या वर, म्हणून मूल्य २०. चाळिसांचे मिळून ८००.

या आकड्याचा अर्थ नीट धरून ठेवा. १७५ म्हणजे त्या आमदाराच्या मागे सरासरी किती हजार माणसे आहेत ते. महाराष्ट्रातला आमदार गोव्यातल्या आमदारापेक्षा मोठा असे हे गणित म्हणत नाही. गोव्याचा आमदार वीस हजार लोकांच्या वतीने बोलतो, महाराष्ट्राचा पावणेदोन लाखांच्या वतीने. घटनेच्या कलम ५५ मध्ये राज्याराज्यांच्या प्रतिनिधित्वात समानता असावी असे जे म्हटले आहे, ते या अर्थाने. माणसांना सारखे वजन द्यायचे, तर आमदारांना वेगवेगळे द्यावे लागते.

आणखी काही राज्यांची मूल्ये देतो, सराव म्हणून पडताळून पाहा. उत्तर प्रदेश: ८,३८,४९,९०५ लोकसंख्या, ४०३ आमदार, मूल्य २०८. देशात सर्वांत जास्त. सिक्कीम: २,०९,८४३ लोकसंख्या, ३२ आमदार, मूल्य ७. देशात सर्वांत कमी. तामिळनाडूत २३४ आमदार आणि मूल्य १७६. झारखंडचे मूल्यही १७६, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा एकाने जास्त, कारण तिथे आमदार फक्त ८१ आहेत. एकूण वजनात मात्र झारखंड १४,२५६ वर थांबतो आणि महाराष्ट्र ५०,४०० वर जातो. एका मताचे मूल्य आणि राज्याचे एकूण वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खासदाराचे मत

इथे हिशेब उलट्या दिशेने होतो. सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करायची आणि तिला निवडून येणाऱ्या खासदारांच्या संख्येने, म्हणजे ७७६ ने, भागायचे.

२०२२ मध्ये देशभरातल्या ४,०३३ आमदारांचे एकूण मूल्य ५,४३,२३१ होते. भागिले ७७६ केले की ७०० आणि अगदी किरकोळ अपूर्णांक. म्हणून प्रत्येक खासदाराचे मूल्य ७००. सर्व खासदारांचे मिळून ५,४३,२००. एका बाजूला सगळ्या राज्यांच्या विधानसभा, दुसऱ्या बाजूला संसद, आणि दोहोंत फरक फक्त ३१ चा. हा योगायोग नाही. केंद्र आणि राज्ये यांचे पारडे सारखे असावे म्हणूनच हे सूत्र असे बांधले आहे. राष्ट्रपती फक्त दिल्लीच्या बहुमताचा नसावा, विधानसभांचाही असावा.

२०१७ मध्ये खासदाराचे मूल्य ७०८ होते. ते २०२२ मध्ये आठाने का घटले? तोवर जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेश झाला होता आणि तिथे विधानसभा अस्तित्वात नव्हती. तिथल्या ८७ आमदारांचे प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ मूल्य बेरजेतून गेले. २०१७ ची बेरीज ५,४९,४९५ होती. त्यातून ६,२६४ वजा करा, नेमके ५,४३,२३१ उरतात. एका विधानसभेच्या नसण्याने देशातल्या प्रत्येक खासदाराचे मत हलके झाले.

१९७१ च का?

सगळ्या मांडणीत मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडे रेंगाळू.

मूळ घटनेत शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा घ्यायचा होता. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने तो १९७१ वर गोठवला. त्या काळी कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण होते. ज्या राज्यांनी ते मनावर घेतले त्यांची लोकसंख्या सावकाश वाढणार आणि त्यामुळे लोकसभेतल्या जागा आणि राष्ट्रपतिनिवडणुकीतले वजन दोन्ही घटणार, म्हणजे चांगल्या कामाची शिक्षा मिळणार, ही भीती खरी होती. पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत वाढवली. सध्याच्या तरतुदीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चाच आकडा चालतो.

आकडा बदलला तर काय होईल, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. २०११ ची लोकसंख्या तेच सूत्र लावून घातली तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५ वरून ३९० होते. उत्तर प्रदेशाचे २०८ वरून ४९६. तामिळनाडूचे १७६ वरून ३०८. केरळचे १५२ वरून २३९. मूल्ये सगळ्यांचीच वाढली, पण सारखी वाढली नाहीत. आज तामिळनाडूचा आमदार महाराष्ट्राच्या आमदाराच्या एक पाऊल पुढे आहे. २०११ च्या आकड्यांवर तो ८२ ने मागे पडतो. आज उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मत केरळच्या मताच्या जेमतेम १.३७ पट आहे; २०११ च्या आकड्यांनी ते दुपटीच्या वर जाते.

महाराष्ट्राची गोष्ट यात वेगळी आहे. आपल्याकडची वाढ केवळ जन्मांची नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथे कामधंद्यासाठी देशभरातून माणसे आली आणि इथलीच झाली. १९७१ च्या आकड्यात त्यांची गणती नाही. पन्नास वर्षांहून जुन्या शिरगणतीवर आजच्या माणसांचे वजन ठरावे हे मला खटकते. पण केरळ किंवा तामिळनाडूने मुली शिकवल्या, दवाखाने उभारले आणि त्याची किंमत म्हणून दिल्लीतले वजन गमवावे, हेही न्यायाचे नाही. या पेचावर बोलणे मतदारसंघांच्या फेररचनेपुरते राहते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर त्याचा तेवढाच खोल परिणाम होणार आहे, हे फार थोड्या चर्चांत येते. आकडे बदलण्याआधी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत यावर मोकळी चर्चा व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

अर्ज भरणे: शंभर सह्यांची भिंत

उमेदवार भारताचा नागरिक हवा, वय ३५ पूर्ण हवे, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र हवा आणि सरकारी लाभाच्या पदावर नसावा. शिवाय अर्जावर निर्वाचकगणातल्याच ५० सूचकांच्या आणि ५० अनुमोदकांच्या सह्या लागतात आणि १५,००० रुपये अनामत. एका मतदाराची सही एकाच अर्जावर धरली जाते.

ही अट पूर्वी इतकी कडक नव्हती. १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नाही. १९७४ मध्ये सूचक-अनुमोदक प्रत्येकी दहा झाले, १९९७ मध्ये पन्नास. तेव्हापासून प्रत्यक्ष मतदानापर्यंत दोनच उमेदवार पोहोचतात. अनामत वाचवायची तर जिंकण्यासाठी लागणाऱ्या मतमूल्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे राहिलेले माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांना ५०,६३१ मूल्याची मते पडली आणि त्यांची अनामत गेली. शेषन यांना पाठिंबा देणारा पक्ष होता शिवसेना.

वेळापत्रक १९५२ च्या कायद्याने बांधलेले आहे. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अधिसूचना निघते, तिच्यानंतर चौदाव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, पुढच्या दोन दिवसांत माघार, आणि त्यानंतर किमान पंधरा दिवसांनी मतदान. २०२२ मध्ये १५ जूनला अधिसूचना निघाली, २९ जूनपर्यंत अर्ज आले, १८ जुलैला मतदान झाले. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव आळीपाळीने काम पाहतात.

मतदानाचा दिवस

खासदार संसद भवनात मत देतात, आमदार आपापल्या विधान भवनात. खासदाराला आपल्या राज्यात मत द्यायचे असेल तर आधी आयोगाला कळवावे लागते.

मतदान यंत्र नसते. कागदी मतपत्रिका असते: खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी. तिच्यावर पक्षाचे चिन्ह नसते. दोन रकाने असतात, एकात उमेदवाराचे नाव, दुसऱ्यात पसंतीचा क्रम लिहायची जागा. ज्याला पहिली पसंती त्याच्यासमोर १ लिहायचे. वाटले तर पुढच्यांसमोर २, ३ असे. फक्त १ लिहून थांबले तरी मत वैध असते. आकडा देवनागरी १ चालतो, रोमन चालतो, इतर भारतीय भाषांतलाही चालतो. अक्षरी ‘एक’ लिहिले तर मत बाद. बरोबरची खूण केली, दोघांसमोर १ लिहिले, सही केली, ओळख पटेल अशी काही खूण ठेवली, तरी बाद.

पेनसुद्धा स्वतःचे चालत नाही. २०१६ मध्ये हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या शाईच्या पेनामुळे अनेक मते बाद ठरली आणि निकालच फिरला. त्यानंतर २०१७ पासून आयोग जांभळ्या शाईचे ठरावीक पेन देतो आणि त्यानेच आकडा लिहावा लागतो.

मतदान गुप्त असते, खरोखर गुप्त. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथे दाखवली तर मत बाद. पक्षादेशही काढता येत नाही. व्हिप नाही, पक्षांतरबंदी नाही, विरुद्ध मत दिले म्हणून आमदारकी जात नाही. बातम्यांत ‘अमक्या पक्षाची इतकी मते’ असे जे तक्ते येतात ते अंदाज असतात हे विसरू नका. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, आघाडीचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांना होता, तरी शिवसेना जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या मागे उभी राहिली. मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत असताना आघाडीचा धर्म बाजूला ठेवायचा, असा तो निर्णय होता. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, शेखावत यांना ३,३१,३०६.

इतके सगळे साधे असून मते बाद होतात. २०२२ मध्ये ५३ मते बाद झाली, त्यांत १५ खासदारांची होती. पंधरा गुणिले सातशे, म्हणजे १०,५०० मूल्य वाया. तेवढ्यात गोव्याच्या तेरा विधानसभा मावतील. कायदे करणाऱ्यांना मतपत्रिका भरता येऊ नये, हे मला मनापासून वाईट वाटते.

मतदान संपल्यावर राज्यांतल्या मतपेट्या सील होऊन विमानाने दिल्लीला जातात. २०२२ मध्ये प्रत्येक पेटीचे वेगळे तिकीट काढले होते, ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने. पेटी अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर, डोळ्यांसमोर.

मोजणी, आणि १९६९ ची ती फेरी

आधी खासदारांच्या मतपत्रिका मोजतात, मग राज्यांच्या. वैध मतांच्या मूल्याची बेरीज करतात, तिला दोनाने भागतात आणि एक मिळवतात. तो कोटा. सर्वांत जास्त मते मिळणे पुरत नाही, कोटा गाठावा लागतो. २०२२ मध्ये वैध मूल्य १०,५६,९८० होते. निम्मे ५,२८,४९०, अधिक एक, म्हणून कोटा ५,२८,४९१. मुर्मू यांनी तो तिसऱ्या फेरीतच ओलांडला.

पहिल्या पसंतीवर कोणीच कोटा गाठला नाही तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो. त्याच्या मतपत्रिका पुन्हा उघडतात, त्यांवर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहतात आणि त्या तेवढ्याच मूल्याने त्या उमेदवाराकडे देतात. दुसरी पसंती लिहिलेलीच नसेल तर ती मतपत्रिका संपली. कोणीतरी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उरेपर्यंत हे चालते.

दुसऱ्या पसंतीवर निकाल लागण्याची वेळ आजवर एकदाच आली. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. काँग्रेसने अधिकृत उमेदवारी नीलम संजीव रेड्डी यांना दिली. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्या असे सांगितले, आणि तो आवाज गिरींच्या बाजूने आहे हे सर्वांना कळले. तिसरे प्रमुख उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता.

१६ ऑगस्टला मतदान झाले. एकूण वैध मूल्य ८,३६,३३७, कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीला गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. गिरी पुढे, पण कोट्याला १६,६५४ कमी.

मग एकेक उमेदवार बाद होत गेला आणि शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या. त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीचा मोठा ओघ रेड्डींकडे गेला. सगळ्या फेऱ्या मिळून रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ मूल्य वाढले, गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२. तरी गिरी जिंकले: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. कारण त्यांना कमी अंतर कापायचे होते. आणि आणखी एक गोष्ट वजाबाकीत दिसते. दोघांची अंतिम बेरीज ८,२५,५०४ होते. म्हणजे १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिका पुढची पसंती नसल्याने वाटेतच संपल्या. गिरींच्या विजयाचे अंतर १४,६५०. इतक्या अटीतटीच्या निवडणुकीत दुसरी पसंती न लिहिणे हाही एक निर्णयच असतो.

या निकालाने काँग्रेस दुभंगली. आणि निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा गिरी राष्ट्रपतिपदावर असताना स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात हजर राहिले. राष्ट्रपतिनिवडणुकीचे वाद फक्त सर्वोच्च न्यायालयच ऐकते. निकालानंतर ३० दिवसांच्या आत एखादा उमेदवार किंवा किमान वीस मतदार मिळून तिथे याचिका करू शकतात. सामान्य नागरिकाला ती करता येत नाही.

लोकांनी थेट का निवडू नये?

हा प्रश्न संविधान सभेतच आला होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. नेहरूंचे म्हणणे होते की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे आणि संसदेकडे असताना राष्ट्रपतीला कोट्यवधींच्या थेट मतांनी निवडले, तर दोन सत्ताकेंद्रे उभी राहतील. मला हा युक्तिवाद पटतो. थेट निवडून आलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाचा सल्ला मुकाट्याने का ऐकेल? शहा मात्र मागे हटले नाहीत. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याविरुद्ध उभे राहिले, त्याच पद्धतीने जिच्यावर त्यांचा आक्षेप होता, आणि ९२,८२७ मूल्याची मते मिळवून हरले. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मिळाली.

राज्याचा निकाल कसा वाचायचा, आणि पुढच्या निवडणुकीची तयारी

२०२२ मध्ये महाराष्ट्रात एक जागा रिकामी होती, म्हणून आमदार २८७. त्यांतल्या २८३ जणांनी मत दिले. मुर्मू यांना १८१, सिन्हा यांना ९८, बाद ४. प्रत्येक संख्येला १७५ ने गुणा: ३१,६७५, १७,१५० आणि ७००. जागा रिकामी असली तरी मताचे मूल्य १७५ च राहते, कारण भागाकार एकूण जागांवर होतो. राज्याचे वजन मात्र तेवढ्याने कमी भरते. कोणत्याही राज्याचा तक्ता समोर आला की आधी ही तीन गुणाकारांची रीत वापरा, मगच ‘किती आमदार फुटले’ या चर्चेकडे वळा.

सध्याची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. आयोग निवडणूक जाहीर करताना प्रत्येक राज्याच्या मतमूल्याचा तक्ता देतो. तो हाती आला की खासदारांचे मूल्य पुन्हा काढा, कारण २०२२ चे ७०० गृहीत धरता येत नाही. त्याआधी विधानसभांच्या मुदतींवर लक्ष ठेवा. उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि गोवा यांच्या विधानसभांच्या मुदती २०२७ च्या पूर्वार्धात संपतात. उत्तर प्रदेशच्या एकट्या निकालाने ८३,८२४ मूल्य इकडचे तिकडे होऊ शकते. गोव्याचे मतदार आपले चाळीस आमदार निवडतील तेव्हा राष्ट्रपतिनिवडणुकीतले ८०० मूल्यही त्याच मतपेट्यांतून ठरत असेल. प्रचाराला येणाऱ्या उमेदवाराला त्याबद्दल विचारायला तेवढे कारण पुरे आहे.